भाड्याच्या सर्व्हरवरचं पहिलं पाणी

आमच्या धंद्याला एकच अट आहे आणि ती माझ्या नवऱ्याने घातलेली आहे: माणसाला सांगितल्याशिवाय मोटर सुरू होता कामा नये. अमरावतीत त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरी घेऊन लोक येतात, बाकड्यावर बसून चहा पितात आणि कोणाची बोटं गेली, कोणाच्या बायकोचा पदर पंपाच्या फिरत्या दांड्यात गुंतला, हे सांगत बसतात. ते ऐकून ऐकून त्याने धसका घेतला आहे. माझ्या दिराने मोबाइलवरून शेतातली मोटर चालू-बंद करणाऱ्या डब्यांचा धंदा काढला आणि गिऱ्हाइकं सांभाळायला मी त्यात शिरले, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "करा. पण कोणाचा हात मधात असताना मोटर सुरू झाली, तर मी तुमच्या दोघाईशी बोलणार नाई."

धंदा साधा आहे. विहिरीवर स्टार्टरच्या पेटीशेजारी आमचा डबा बसतो. डब्यात सिमकार्ड असतं. शेतात लाईन, म्हणजे वीज, आली की डबा जागा होतो आणि सर्व्हरला 'हजर' असं कळवतो. मालक घरून मोबाइलवर 'चालू' दाबतो, तो निरोप सर्व्हरकडे जातो, सर्व्हर डब्याला हुकूम देतो आणि मोटर सुरू होते. म्हणजे सगळा खेळ सर्व्हरचा. तो आपल्या घरात नसतो, कुठेतरी दुसऱ्याच्या खोलीत भाड्याने घेतलेला असतो.

सुरुवातीला आम्ही सगळ्यांत स्वस्तातला घेतला होता. त्यात एकाच मशीनमध्ये कित्येकांची बिऱ्हाडं असतात. शेजारच्या बिऱ्हाडात लग्न निघालं की आपल्या नळाला पाणी येत नाही, तसलाच प्रकार. एका दुपारी मूर्तिजापूरकडच्या एका गिऱ्हाइकाने 'बंद' दाबलं, आणि त्याच वेळी आमच्या कुठल्यातरी अनोळखी शेजाऱ्याकडे गर्दी उसळल्यामुळे मोटर बऱ्याच उशिराने थांबली. तोवर त्याची बायको पंपाजवळ वाकलेली होती. काही झालं नाही. पण ते नवऱ्याच्या कानावर गेलं आणि घरात दोन दिवस फक्त भांड्यांचा आवाज होता. मग आम्ही ठरवलं, आता अख्खं मशीन आपलं पाहिजे. डेडिकेटेड सर्व्हर.

पाहिजे, पण परवडणारा पाहिजे. मी हाताची घट्ट आहे आणि मला त्याची लाज नाही. मुंबईच्या एका कंपनीतली मुलगी फोनवर इतकी गोड बोलली की मला तेव्हाच संशय आला. मशीन एका भावात आणि ते सांभाळणं, बॅकअप घेणं, बिघडल्यावर फोन उचलणं हे सगळं वरून वेगळं. परदेशातला सर्व्हर दिराला स्वस्त मिळत होता, पण आमच्या विहिरीवरचा हुकूम सात समुद्र ओलांडून परत येणार, हे मला पटेना. शिवाय बिघडलं तर भांडायला जायचं कुठे? मला असा माणूस हवा होता ज्याच्या दारात उभं राहून तोंड सोडता येईल. आणि मशीन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी घेणार नव्हते.

"वहिनी, सर्व्हर काय बैल आहे का जी, दात पाहून घ्यायले?" दीर म्हणाला.

"न पाहता मी वांगीसुद्धा घेत नाई," मी म्हटलं. "तुमी शोधा."

दाखवायला तयार झाला तो अकोल्याचा एकच माणूस. वापरलेली मशीनं विकत घेऊन, नीट करून तो भाड्याने देत असे. फोनवर त्याने फुशारकी मारली नाही. म्हणाला, "जुनं आहे, पण ठणठणीत आहे. या, पाहून घ्या."

मी आणि दीर गेलो तेव्हा मे महिना होता. अकोल्यात मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात त्याची इमारत होती. जिना चढून त्याने दार उघडलं आणि अंगावर एकदम थंडी आली. ओला घाम पाठीवर गार झाला. खोलीला खिडकी नव्हती. लोखंडी मांडण्यांवर काळी मशीनं एकावर एक चढवलेली, त्यांचे हिरवे दिवे लुकलुकत होते आणि पंख्यांचा एकसारखा घोंघाट चालू होता. तिथे माणसाने बोललेलं माणसाला ऐकू जात नव्हतं. खोलीत आम्ही तिघंच होतो, पण बरीच माणसं दाटीवाटीने, श्वास घेत उभी आहेत असं मला सारखं वाटत राहिलं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तरी हात पदरात घेतले.

मी विचारायचं ते सगळं विचारलं. लाईन गेली तर काय, जनरेटर किती वेळ चालतो, डिस्क मेली तर दुसरी लगेच आहे का, आधीच्या माणसाचा माल पुसला का. त्याने आमच्यासमोर डिस्क कोरी केली. मग तो आमच्या वाट्याचं मशीन दाखवायला खाली बसला. मशीनच्या कपाळपट्टीवर, दिव्यांच्या शेजारी, हळदीकुंकवाची दोन बोटं उमटलेली होती. कुंकू सुकून काळपट झालं होतं.

"हे कोणाचं?"

"आधीच्या भाडेकरूचं," तो म्हणाला. "खंडेनवमीले यायचे इथपर्यंत, पूजा करायले. आता धंदा बंद केला त्याईनं. हैदराबादले नोकरी लागली."

मला ते आवडलं. आपल्या अवजाराची पूजा करायला जो इथवर येतो, त्याने मशीन नीट वापरलं असणार. भावही परवडत होता. मी होकार दिला. डिस्क कोरी झाली, आता जुनं काही उरलं नाही, असं आम्हा दोघांना वाटलं. एक प्रश्न मात्र दोघांनाही सुचला नाही, तो पत्त्याचा. सर्व्हरचा पत्ता म्हणजे एक लांबलचक आकडा. मशीनबरोबर तोच आम्हाला मिळाला होता, आधीच्या भाडेकरूचा.

नवा सर्व्हर सुरू केला तेव्हा दुपारच होती. दुकानामागच्या खोलीत आमचं ऑफिस आहे. आमचे सगळे डबे अजून जुन्याच सर्व्हरशी बोलत होते. नव्या सर्व्हरचा पत्ता आम्ही कोणाला सांगितलाही नव्हता. म्हणजे पडदा कोरा असायला हवा होता. दिराने आमचा प्रोग्रॅम चढवला, बटन दाबलं आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. ग्लास खाली ठेवेपर्यंत पडद्यावर अक्षरं उमटली.

हजर.

मग आणखी एक. हजर. मग कितीतरी. कुठलेतरी अनोळखी डबे एकामागून एक येऊन हजेरी देत होते. बहुतेकांच्या पुढे 'मोटर नाही' असं लिहून येत होतं. मोटर काढून नेलेल्या, झाकून टाकलेल्या विहिरींवरून ते डबे अजून हाका मारत होते.

"कोण आहेत हे?" मी विचारलं.

"इंटरनेटवर भटके लई असतात, वहिनी. तुमी टेन्शन नका घेऊ," दीर म्हणाला आणि त्याने अनोळखी हजेऱ्या पडद्यावरून दिसेनाशा केल्या. दिसेनाशा केल्या एवढंच.

आता आमच्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं. वऱ्हाडात नवी मोटर बसली की घरची बाई पाइपाच्या तोंडाला हळदीकुंकू लावते, नारळ फुटतो, आणि मग थोडं पाणी काळ्या मातीवर सोडतात. ते पहिलं पाणी. डबा बसवताना दीर दर वेळी शेतातून मला फोन करायचा, "सोडा पाणी." त्याला कंटाळा आला आणि त्याने ते प्रोग्रॅममध्येच घातलं. जो डबा आमच्या यादीत नाही त्याची हजेरी आली की तो नवा समजायचा आणि त्याला थोडा वेळ पहिलं पाणी द्यायचं. त्या वेळी सगळं घर पाइपासमोर हात जोडून उभं असतं, पंपाजवळ कोणी नसतं, म्हणून नवऱ्यानेही हरकत घेतली नव्हती.

पडद्याच्या कोपऱ्यात 'पहिलं पाणी' असा एक आकडा दिसतो. नवं गिऱ्हाईक झालं की तो एकने वाढतो. त्या आठवड्यात तो रोज दुपारी वाढत होता. मी मनातून खूश होते. दीर न सांगता गिऱ्हाइकं आणतोय, म्हटलं, बोलून नजर लावू नये. शेवटी राहवलं नाही.

"कुठं बसवून रायले एवढे डबे, भाऊजी?"

"कुठचे डबे?" तो म्हणाला. "या आठवड्यात एकबी नाई बसवला."

दुकानात नवरा कुठल्यातरी मोटरीवर हातोडी ठोकत होता, तो आवाज मला फार दूरचा वाटला. दिराने मागचं सगळं उघडून पाहिलं. त्या अनोळखी डब्यांत मोटर असलेला एकच होता. रोज लाईन आली की तो हजेरी द्यायचा, आमच्या यादीत त्याचं नाव नसायचं, म्हणून प्रोग्रॅम रोज त्याला नवा समजायचा आणि रोज त्याची मोटर सुरू करायचा. मोटर काही मिनिटं चालून बंद व्हायची. कुठल्या शेतात, कोणाची, काही पत्ता नाही.

"वहिनी," दीर हळू आवाजात म्हणाला, "मोटर कोरडी नाई चालली. रोज पाणी आलं."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला लगेच कळलं. विहिरीच्या काठावर बसवलेल्या पंपात आधी हाताने पाणी भरावं लागतं, बादलीने, वाकून. भरलं नाही तर तो नुसता हवा ओढतो आणि डबा तसं कळवतो. म्हणजे लाईन यायच्या आधी तिथे रोज कोणीतरी येत होतं, पंप भरत होतं. आणि तो माणूस पंपाशी असताना, त्याला न सांगता, आम्ही इथून मोटर सुरू करत होतो.

"बंद करा ते," मी ओरडले. इतक्या जोरात की दुकानातली हातोडी थांबली.

दिराने पहिलं पाणी प्रोग्रॅममधून उपटून काढलं. नवऱ्याला आम्ही तेव्हाच सांगितलं. तो हातातली हातोडी तशीच घेऊन दुकानात परत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघंही पडद्यासमोर होतो. लाईन आली. हजर. आता काही होणार नव्हतं. जरा वेळाने त्याच डब्याकडून नवा शब्द आला. बटन.

डब्यावर एक बटन असतं. त्याने मोटर आपोआप सुरू होत नाही, ते नुसतं सर्व्हरला विचारतं. कोणीतरी ते दाबत होतं. बटन. थोडं थांबून पुन्हा बटन. भिंतीपलीकडून कोणी टकटक करावी तसं ते चाललं होतं. आपण ऐकतोय, पण उत्तर देत नाही. लाईन जाईपर्यंत ते थांबलं नाही.

"जा," नवरा म्हणाला. "तिथं कोण आहे ते पाहून या."

अकोल्याच्या माणसाला फोन केला तेव्हा उलगडा झाला. आधीचा भाडेकरूही आमच्याच धंद्यातला होता. त्याने डब्यांमध्ये सर्व्हरचा आकडा कायमचा भरून ठेवला होता, आम्हीही तेच करतो. शेतात नेटवर्कची एखादी दांडी असते, तिथे सर्व्हरचं नाव शोधत बसण्यापेक्षा सरळ आकडाच बरा. धंदा बंद झाला तरी डबे विहिरींवर तसेच राहिले, आणि सगळे डबे एकाच बाजारातून येत असल्यामुळे त्यांची भाषाही आम्हाला कळत होती. डबा हजेरीबरोबर जवळच्या टॉवरचा आकडाही पाठवतो. त्यावरून दिराने चांदूर बाजार तालुक्यातलं एक गाव काढलं.

गावात विचारत विचारत दीर आणि मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. संत्र्याची छोटी बाग होती. कडेची झाडं वाळून करकरीत झालेली, आणि विहिरीजवळच्या दोन ओळी मात्र हिरव्यागार. त्या कशाने हिरव्या राहिल्या होत्या हे आम्हाला माहीत होतं, आणि मला तिथे पाय टाकवेना. सगळीकडे सामसूम होती. विहिरीच्या काठावर, डब्याखाली, माझ्याच वयाची एक बाई बसली होती. शेजारी बादली. पंप भरून ठेवलेला.

"कोण जी तुमी?" तिने विचारलं.

मी वाटेत पुष्कळ शब्द जुळवले होते. ते सगळे विसरले. "ताई, ही मोटर आपल्या आपण सुरू होऊन रायली होती ना?"

तिने बादली बाजूला केली. मग सरकून सावलीत जागा करून दिली. "बस बाई. उन्हातून आली."

तिचा नवरा शेवटचे काही महिने अमरावतीच्या दवाखान्यात होता. खाटेवरून उठता येत नव्हतं, पण बाग त्याच्या हातात होती. रोज दुपारी लाईन आली की तो खाटेवरून मोबाइलने मोटर लावायचा. तो गेला, त्याच सुमारास डब्याची कंपनीही बंद झाली. मेकॅनिक म्हणाला, हा डबा फेका, वायर सरळ जोडून देतो. तिने नाही म्हटलं. "त्याईनं बसवला होता. म्हटलं, राहू द्या." पावसाळा पावसावर आणि हिवाळा शेजाऱ्याच्या पाइपावर निघाला. पण सवय जाईना. रोज यायची, पंप भरायची, घरी जायची.

"अन् एक दिवस पंप भरून रायली होती, तर मोटर लागली," ती म्हणाली. तिने आपला पदर पुढे घेतला. त्याचा काठ हातभर फाटलेला होता, आणि जाड दोऱ्याने शिवलेला होता. "एवढ्यावर वाचली."

मला पुढे पाहवेना. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. सर्व्हर, पत्ता, पहिलं पाणी. तिला किती कळलं कोण जाणे, पण तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी मी म्हटलं, "तुमाले वाटलं असंन, तेच लावून रायले म्हणून. ते नव्हते ताई. आमी होतो."

"मले माहीत होतं ते नाईत म्हणून," ती म्हणाली.

दीर चमकला. "कसं काय?"

"ते मोटर लावायच्या आधी मिस कॉल देत. रोज. मी पंप भरून बाजूले सरकली पायजे म्हणून. मरायच्या आदल्या दिवशीबी देल्ला." तिने कमरेची पिशवी चाचपली. तिच्यात जुना बटनांचा फोन होता. "हे जे कोणी होतं, ते मिस कॉल देत नव्हतं. मले न सांगता लावे. ते आमचे कसे असतीन?"

"मंग भेव नाई वाटला?" मी विचारलं.

"वाटे ना. रोज वाटे. पदर कमरेले खोचून पंप भरे. कोण हाय, कवा लावन, कावून लावते, काही समजे ना." तिने हिरव्या ओळींकडे पाहिलं. "पण झाडं वाळून रायली होती, बाई."

विहिरीवरचं भूत आम्हीच होतो. या बाईने मरणाची भीती असूनही रोज आमच्या हाताखाली वाकून पंप भरला होता, आणि आम्ही इकडे ग्लासाने पाणी पीत तिला गिऱ्हाईक समजत होतो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तिनेच माझ्या पाठीवर हात ठेवला.

दिराने डब्याचं बटन मोकळं करून दिलं. आता दाबलं की मोटर सुरू. फिरत्या दांड्यावर माझ्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी येऊन लोखंडी झाकण बसवलं, आणि परतताना तो गाडीत आमच्याशी पहिल्यासारखा बोलला. पण पहिल्या दिवशी निघायच्या आधी ती मला म्हणाली, "बटन राहू द्या. अडीनडीले कामी येईन. दुपारचं पाणी मात्र तुमीच लावत जा. मिस कॉल देऊन."

त्या वर्षी खंडेनवमीला मी अकोल्याला गेले. त्या थंड, घोंघावणाऱ्या खोलीत खाली बसून मशीनला हळदीकुंकू लावलं. जुनी बोटं पुसली नाहीत, त्यांच्या शेजारीच लावलं. उद्या आम्ही हे मशीन सोडलं तर आमचे डबे कोणाच्या दारात जाऊन हाका मारतील, हा विचार आता माझी पाठ सोडत नाही. सर्व्हर घेताना काय विचारावं असं कोणी विचारलं, तर मी भाव आणि जनरेटर नंतर सांगते. आधी सांगते, तुमच्या आधी तिथे कोण राहत होतं ते विचारा आणि त्याच्याकडे अजून कोण येतं तेही विचारा.

आता तो डबा आमच्या यादीत आहे. लाईन आली की पडद्यावर 'हजर' उमटतं. मी तिला मिस कॉल देते, ती सरकेपर्यंत थांबते आणि मग 'चालू' दाबते. हे काम प्रोग्रॅमला लावून देतो असं दीर किती वेळा म्हणाला, मी ऐकलं नाही. ती फोन उचलत नाही. मिस कॉल उचलायचा नसतोच.

एकदाच उचलला. परवाच्या उन्हाळ्यात, भर दुपारी. मी फोन कापणार तेवढ्यात पलीकडून आवाज आला. मागे विहिरीवरचं वारं ऐकू येत होतं. तिचा आवाज माझ्याशी बोलताना असतो तसा नव्हता, तरुण होता, थोडा लाडातला.

"सरकली जी मी," ती म्हणाली. "लावा आता तुमी."

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने 'चालू' दाबलं. पलीकडे पाणी आल्याचा आवाज झाला.